माप आणि वजन



मी शाळा फार शिकलेला माणूस नाही. जे शिकलो ते कामगारांच्या भांडणांतून. आजचे भांडण तांदळाच्या एका डब्याचे आहे.

आपल्या आया-आज्या पायलीने ज्वारी मोजत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण शेर दोन होते. एक भांड्याचा, दुसरा तराजूचा, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव एक, वस्तू दोन! शेतमालकाला हे बरे ठाऊक होते. घेताना माप शिगोशीग, मजुरी देताना हात फिरवून सपाट. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, शेर गेला, किलो आला. घोटाळा मात्र स्वयंपाकघरात राहिला.

एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाई आमच्याकडे रडत आल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, असा नियम. मुले १२०, म्हणजे १२ किलो. शाळेत तराजू नव्हता. 'हा लिटरचा डबा, म्हणजे किलो,' असे त्यांना सांगितलेले, म्हणून त्या रोज सपाट १२ डबे घेत. पंधरवड्याने तपासणी झाली, तांदूळ जास्त निघाला. जास्त निघाला म्हणजे बाईने घरी न्यायला राखून ठेवला, असा ठपका आला. डब्यात किती मावते हे कुणी पाहिले नाही.

आम्ही तो डबा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. पाणी भरले तर एक किलो. तांदूळ भरला तर ८०० ग्रॅमच्या आसपास, कारण दाण्यांच्या मध्ये हवा असते. डबा आपटला की दाणे बसतात आणि आणखी थोडे मावतात. गव्हाचे पीठ चाळून हलके भरले तर किलोच्या निम्म्याच्या जरा पुढे, दाबून भरले की बरेच जास्त. गोडेतेल पाण्याहून हलके, लिटरला ९१० ग्रॅमच्या जवळपास. म्हणून तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. घरी गेल्यावर वाचून पाहा.

आता हिशेब करा. १२ डबे गुणिले ८०० ग्रॅम, म्हणजे ९ किलो ६०० ग्रॅम. रोज २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ शिल्लक पडत होता. बारा दिवसांत जवळजवळ २९ किलो. बाईने मूठभरही नेला नव्हता. पण पोरांच्या पानात १०० ऐवजी ८० ग्रॅम पडत होते, हेही तितकेच खरे. तेव्हा बाई सुटल्या म्हणून आनंद करावा की पोरे अर्धपोटी राहिली म्हणून वाईट वाटून घ्यावे, हे मला त्या दिवशी कळेना. त्या बाईंनाही कळले नाही. त्या म्हणाल्या, "दादा, लेकरं रोज वाढा म्हणायची, मी म्हणायची झालं, संपलं."

हा हिशेब आम्ही कागदावर मांडून दिला. ठपका मागे घेतला गेला, त्याला तीन महिने लागले. तराजू अजून आलेला नाही. मग आम्ही तोच डबा पुन्हा काट्यावर नेला, वेगवेगळ्या जिन्नसांची वजने करून आतल्या बाजूला खिळ्याने रेघा ओढल्या: अर्धा किलो तांदूळ इथवर, अर्धा किलो डाळ इथवर. तांदळाचे आता १५ डबे पडतात. तांदळाचे पोते बदलले की रेघ पुन्हा तपासायची, कारण जुना आणि नवा, जाड आणि बारीक तांदूळ एका मापाला सारखा भरत नाही.

ज्यांच्या घरी काटा आहे त्यांनी आपल्या रोजच्या वाटीचे एकदा वजन करून पाहावे.