पडद्यावरचे शिक्षण आणि वर्गातले शिक्षण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून यंदा पुस्तके व शुल्क यांऐवजी सर्व मुलांस टॅब्लेट द्यावेत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्या तरुण मंडळींच्या सद्हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु हा निधी वाडवडिलांनी पै पै जमवून उभा केलेला आहे. तेव्हा चार शब्द स्पष्ट बोलणे प्राप्त आहे.

घरी बसून शिकणे आपणांस अगदीच नवे नाही. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले, आणि नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय झाली. २०१७ पासून 'स्वयम्'वर नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने खेड्यातल्या मुलासही विनामूल्य ऐकता येतात. न समजलेला भाग दहा वेळा ऐकावा; यंत्र त्रासत नाही. (हा गुण पूर्वीच्या सर्वच मास्तरांच्या अंगी होता, असे कोण म्हणेल?)

मात्र असा विद्यार्थी आपणांस काय शिकावयाचे ते जाणून बसलेला असतो. लहान मुलाचे तसे नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. घरात मोबाईल एक, भावंडे तीन, आणि तो मोबाईलही वडिलांबरोबर कामावर, अशी स्थिती कित्येक घरी होती. 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये सुमारे २७ होती. २०२२ मध्ये ती २० च्या आसपास उरली. हा दोष सर्वस्वी यंत्राचा नव्हे; पुष्कळांपर्यंत ते पोहोचलेच नाही. पण पोहोचले तेथे तरी काय झाले? वर्गात शिक्षक त्रैराशिक मांडताना मागच्या बाकाकडे एक नजर टाकतो, कोणाचा चेहरा कोरा राहिला ते हेरतो आणि उदाहरण बदलतो. उलट, कॅमेरा बंद करून 'हजर' म्हणणारा मुलगा जागा आहे की झोपला, हे ब्रह्मदेवासही कळावयाचे नाही!

म्हणून आमचे म्हणणे असे की, दहावीपुढील होतकरू विद्यार्थ्यांस उपकरण अवश्य द्यावे. त्याखालील मुलांसाठी मंडळाच्या सभागृहात सायंकाळी अभ्यासवर्ग चालवावा. तेथे हवा तर एक पडदा असो, जवळ मात्र जाणते माणूस बसलेले असावे. लग्नाच्या तिथी सोडल्यास सभागृह रिकामेच असते. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी काम भागेल. इच्छुकांनी आपले नाव व सोयीचा वार आज भोजनापूर्वी चिटणिसांकडे नोंदवावा.