दूरस्थ पदवी : मान्यता आणि मान



आजच्या शिक्षण परिषदेत ज्या विषयावर मी दोन शब्द बोलणार आहे, तो वरवर पाहता प्राथमिक शाळेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. घरी बसून, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळविलेल्या पदवीला नोकरी देणारे मान देतात काय, हा तो विषय होय. परंतु गावातील कोणाही मुलाला किंवा मुलीला पुढे काय शिकावे असा प्रश्न पडला, की त्याचे आईबाप आजही प्रथम शाळेच्या पायरीशीच येतात. बारावीनंतर लग्न होऊन सासरी आलेली सून, शेती सांभाळून पदवी घेऊ पाहणारा तरुण, अंगणवाडीतील सेविका या सर्वांना तालुक्याच्या महाविद्यालयात रोज जाणे शक्य नसते. त्यांना सल्ला देणारा शिक्षक स्वतःच अंधारात असेल, तर एका कुटुंबाची वर्षभराची बचत वाया जावयास वेळ लागत नाही.

या विषयात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक मान्यता आणि दुसरा मान. मान्यता कायदा देतो. मान माणसे देतात. म्हणून या दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

प्रथम मान्यतेविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विनियम केले. त्यांच्या आधारे सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने सूचना काढून स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थेकडून या मार्गाने मिळविलेली पदवी ही नेहमीच्या वर्गात बसून मिळविलेल्या त्याच पदवीच्या बरोबरीची समजली जाईल. आपल्या राज्यात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झाले. त्याची पदवी ही कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी आहे. तेव्हा 'बाहेरून केलेली पदवी सरकारात चालत नाही' असे जे सरसकट बोलले जाते, ते खरे नाही.

तथापि या समानतेला मर्यादा आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा यांसारख्या विषयांच्या पदव्या या मार्गाने देण्यास आयोगाची अनुमती नाही. ही मर्यादा न पाळल्यास काय होते, हे नोव्हेंबर २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दाखवून दिले. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. वास्तविक नियम संस्थांनी मोडला होता, परंतु झळ पोचली ती पदवीधरांना.

आपल्याच पेशातील उदाहरण तर याहूनही बोलके आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत प्रशिक्षण पुरे करण्याची मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठाच्या साहाय्याने त्यांच्यासाठी पदविका अभ्यासक्रम चालविला, आणि देशभरातील दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव नोंदविले. पुढे ही अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची आहे काय, असा वाद उपस्थित झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या शिक्षकांच्या विरुद्ध गेला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की जे १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ पूर्वी हा अभ्यासक्रम पुरा केला, त्यांची पदविका ग्राह्य धरावी. यातून घ्यावयाचा बोध असा, की प्रमाणपत्र खरे असले तरी ते कोणासाठी, कोणत्या पदासाठी आणि कोणत्या अटींवर दिले आहे, हे प्रारंभीच वाचून ठेवले पाहिजे.

आता मानाविषयी. सरकारी नेमणुकीत नियमाचा आधार असतो. खाजगी नोकरीत निवड करणाऱ्याच्या मनातील समजुती काम करतात. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी याची परीक्षा पाहिली. त्यांनी निरनिराळ्या संस्थांच्या पदव्या लिहिलेले काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठविले आणि मुलाखतीसाठी कोणाला विचारणा होते ते पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची वाणिज्य-व्यवसाय विषयातील पदवी असणारास, सर्वांना सहज प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयाच्या पदवीधरापेक्षा बावीस टक्क्यांनी कमी बोलावणी आली. मात्र आरोग्यक्षेत्रातील नोकऱ्यांत याच अभ्यासाला आणखी एक गोष्ट दिसली. नफेखोर संस्थेच्या प्रमाणपत्राला कमी प्रतिसाद मिळाला तो विशेषेकरून, जेथे व्यवसाय-परवान्यासारखा गुणवत्तेचा स्वतंत्र पुरावा लागत नाही अशा जागी.

हा अनुभव परदेशातील असला तरी त्यामागील न्याय आपल्या ओळखीचा आहे. शंका घेतली जाते ती शिकण्याच्या जागेविषयी नव्हे, तर परीक्षेच्या खरेपणाविषयी. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बहिःस्थ विद्यार्थ्यांना आपली पदवी खुली केली. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. ते केवळ परीक्षा घेई आणि पदवी देई. त्या पदवीला जो मान होता, तो परीक्षेच्या कसोटीमुळे होता. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची कथाही हेच सांगते. त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ साली. मधली पस्तीस वर्षे मान्यतेचे पाठबळ नसताना विद्यापीठ टिकले, कारण तेथे शिकणाऱ्या स्त्रियांची विद्या खरी होती.

याचे व्यवहारात रूपांतर कसे करावयाचे? आपल्याकडे सल्ल्यासाठी कोणी आले, तर प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी त्याच्याबरोबर बसून पाहाव्यात.

पहिली : संस्था आणि तोच विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्हींना त्या वर्षासाठी अनुदान आयोगाची अनुमती आहे काय. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी असते. केवळ विद्यापीठाचे नाव मोठे असून भागत नाही.

दुसरी : ज्या नोकरीसाठी पदवी हवी, तिच्या जाहिरातीतील अट. उदाहरणार्थ, दूरस्थ बी.एड. हा अभ्यासक्रम सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. नवख्या उमेदवाराने तो मार्ग धरू नये.

तिसरी : परीक्षा कोठे, कशी आणि कोणाच्या देखरेखीखाली होते. जो दलाल 'अभ्यास नको, परीक्षेचे आम्ही पाहून घेऊ' असे सांगतो, तो पदवी देत नाही. तो पदवीधराची अब्रू विकत असतो.

चौथी : पदवीच्या जोडीला कोणता स्वतंत्र पुरावा उभा करता येईल. स्पर्धापरीक्षा, पात्रता परीक्षा, हिशेबाचे किंवा संगणकाचे प्रत्यक्ष काम, हाताखाली केलेली उमेदवारी, यांपैकी काही ना काही प्रत्येकाला जोडता येते. पदवी उमेदवाराला दारापर्यंत नेते. आत बसविते ते त्याचे काम.

शेवटी आपणां शिक्षकांच्या वृत्तीविषयी एक विनंती. दिवसभर रोजगार करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाच्या पदवीला आपणच 'पोस्टातली पदवी' म्हणून हसलो, तर नोकरी देणाऱ्या परक्याने तिचा आदर करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? ज्याच्या मागे वर्ग नव्हता, घंटा नव्हती आणि हजेरी घेणारे गुरुजी नव्हते, त्याने स्वतःच स्वतःला शिस्त लावून अभ्यास पुरा केला, ही गोष्ट लहान नव्हे. उलट अभ्यासावाचून विकत घेतलेला कागद कोणी शाळेत मिरवू लागला, तर त्याचे कौतुक करण्याचे आपण निग्रहाने टाळले पाहिजे. गावाला खरे आणि खोटे यांतील भेद शिकविणे हे तर आपले नित्याचेच काम आहे.

आपल्या केंद्रातील प्रत्येक शाळेने अशा चौकशीसाठी आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.