नियम, अपवाद आणि व्याजदर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनी याच शाळेत मला व्याकरण शिकवले. अपवाद सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ते कारणही विचारीत. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला महागाई आणि व्याजदर हे विषय टाळता येत नाहीत. त्यांचा विचार करताना मला गुरुजींचा तो प्रश्न आठवतो.

मध्यवर्ती बँकेने व्याजदर कशाच्या आधारे ठरवावा? १९७० नंतरच्या दशकात महागाई चढत असताना अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर पुरेसे वाढवले नाहीत. १९७९ मध्ये अध्यक्ष झालेल्या पॉल व्होल्कर यांनी कठोर उपाय करून ती आटोक्यात आणली. पण १९८२ च्या अखेरीस तेथील बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. विलंबाची किंमत कामगारांनी मोजली.

१९९३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन टेलर यांनी एक सुटसुटीत सूत्र मांडले. चलनवाढीच्या दरात २ मिळवावेत. ती २ टक्क्यांहून जितकी अधिक, त्याच्या निम्मे मिळवावे. उत्पादन स्वाभाविक पातळीहून जितके टक्के अधिक, त्याचेही निम्मे मिळवावे. उत्पादन स्वाभाविक असता २ टक्के चलनवाढीला व्याजदर ४ टक्के येतो, ४ टक्क्यांना ७. चलनवाढ दोनांनी वाढली, दर मात्र तिहींनी. मर्म येथेच आहे. दर महागाईच्या मागे राहिला, तर कर्ज प्रत्यक्षात स्वस्त होते आणि महागाई अधिकच भडकते.

मग सारा कारभार गणकयंत्राकडे का सोपवू नये? कारण स्वाभाविक उत्पादन डोळ्यांना दिसत नाही. त्याचा अंदाजच बांधावा लागतो. सूत्र यांत्रिकपणे वापरावे, असे टेलर यांनाही अभिप्रेत नव्हते.

आपल्याकडे २०१६ साली कायद्याने निराळी, पण त्याच जातीची शिस्त आली : उद्दिष्ट ४ टक्के, मर्यादा २ ते ६, निर्णय सहा जणांच्या समितीचा. सलग तीन तिमाह्या मर्यादा मोडली, तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणे द्यावयाची. २०२२ मध्ये प्रथमच तसा प्रसंग आला. पत्र गेले, परंतु बँकेने ते तेव्हा प्रसिद्ध केले नाही, याची मला खंत वाटते.

पाणिनीय परंपरेत उत्सर्ग आणि अपवाद दोन्ही शास्त्रातच सांगितलेले असतात. विवेकाला जागा हवीच. मात्र नियम सोडणाऱ्याने कारण सांगावे, आणि ज्यांच्या शिध्यावर व शिलकीवर परिणाम होतो, त्यांच्यासमोर सांगावे. गुरुजींनी एवढेच मागितले असते.