स्पर्धेचे दार कोणाला उघडे?

(कार्यकर्ते व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



शालेय स्पर्धा-परीक्षांचे नाव निघाले की समतावादी माणसाच्या कपाळावर आठी उमटते. मुलांना एकमेकांवर मात करावयास शिकविणे म्हणजे त्यांना बाजारी वृत्तीचे बाळकडू पाजणेच नव्हे काय, असे त्याला वाटते. ही शंका निराधार नाही. परंतु ती सर्वच स्पर्धांना सारखी लागू पडत नाही. स्पर्धेचे दार कोणाला उघडे आहे, तिची भाषा कोणती आणि निवड न झालेल्या मुलाच्या पदरात काय पडते, हे आधी तपासावयास हवे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. केंद्र शासनाने ही योजना २००८ साली सुरू केली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीची मुले या परीक्षेस बसतात. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ३ लाख ५० हजार रुपये आहे. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद असून निवड झालेल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात ही परीक्षा मराठीतूनही देता येते.

आठवीच्या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापाशी संपते आणि तेथूनच शेतमजुराच्या घरातील हिशेब बदलतो. वह्या-पुस्तके आणि एसटीचा पास यांचा खर्च तर असतोच. शिवाय शाळेत घालविलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. महिना हजार रुपये ती भरून काढू शकत नाहीत. २०१७ साली ही रक्कम निश्चित झाल्यानंतरच्या भाववाढीने तिची क्रयशक्तीही घटविली आहे. तरीही मुलीला शाळेतून काढू नका, असे म्हणणाऱ्या आईच्या शब्दाला त्या रकमेने वजन येते. स्पर्धेचा हा पहिला लाभ होय.

दुसरा लाभ तयारीचा. या परीक्षेत शालेय विषयांबरोबर बौद्धिक क्षमतेचीही चाचणी असते. संख्यांच्या मालिकेतील सूत्र शोधणे, आकृत्यांतील संबंध ओळखणे, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे, ही सवय निव्वळ पाठांतराने लागत नाही. शिक्षकाने ही तयारी संपूर्ण वर्गाची करून घेतली, तर निवड दोघांची होवो वा कोणाचीच न होवो, लाभ साऱ्या वर्गाचा होतो. मात्र पाच ‘हुशार’ मुले वेगळी बसवून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडले, तर तीच परीक्षा विषमतेचे साधन बनते. दोष परीक्षेचा नव्हे, योजकाचा.

स्पर्धा आणि सहकार्य यांचे वैर असलेच पाहिजे, असेही नाही. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले गटाने काम करतात. गावचे पाणी, माती, पीक यांविषयीचा एखादा प्रश्न घेऊन ती पाहणी करतात आणि आपले निष्कर्ष परीक्षकांपुढे मांडतात. तेथे गुणांची चढाओढ असली, तरी ती सोबत्याला मागे टाकून जिंकता येत नाही.

स्पर्धाच नकोत, असे म्हणणाऱ्यांनी आणखी एका अनुभवाचा विचार करावा. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रतिभाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबविण्यात आली. त्यामुळे शर्यत संपली काय? खासगी शिकवण्या व शुल्क घेऊन घेतल्या जाणाऱ्या परीक्षा चालूच आहेत. सार्वजनिक स्पर्धा हटली की मैदान पैसे मोजू शकणाऱ्यांच्या हाती जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी स्पर्धेवर बहिष्कार न घालता तिचे दार रुंद करावे. वस्तीतील आठवीच्या मुलांची यादी करावी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांसोबत तहसील कचेरीत जावे. अर्ज मुदतीत भरले गेले की नाही, हे मुख्याध्यापकांना विचारावे. संध्याकाळी समाजमंदिरात विनाशुल्क सराववर्ग चालवावा. शिष्यवृत्तीची रक्कम वाढविण्याची मागणी लावून धरावी. आणि निकालाच्या दिवशी यशस्वी मुलांच्या सत्कारापूर्वी निवड न झालेल्यांच्या घरी जाऊन ती मुले नववीत दाखल होत आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.