पुढच्या दांताचा पूल



दाढ पडली तर शेजाऱ्यासहि कळत नाहीं. पटाशीचा दांत गेला कीं मात्र गांवभर दवंडी पिटली जाते. रूपाचें एक वेळ राहूं द्या. पण त, द, न, स हे सारे दंत्य वर्ण. जन्मभर शुद्धोच्चार शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या मुखांतून ‘सरस्वती’ म्हणतांना शीळ वाजूं लागली, तेव्हां ती रिकामी जागा भरणें भागच होतें.

दांताच्या डॉक्टरांनीं ‘ब्रिज’ सुचविला. भाईंदरहून नायगांवकडे जातांना खाडीवर रेल्वेचा पूल लागतो. त्यास जसे पाण्यांत खांब, तसे येथें शेजारचे दोन दांत. ते चहूंबाजूंनीं सुमारें एक ते दोन मिलिमीटर तासावयाचे, ठसा घ्यावयाचा आणि एकमेकींस जोडलेल्या तीन टोप्या सिमेंटनें पक्क्या बसवावयाच्या. मधली टोपी हाच खोटा दांत. कल्पना फार जुनी आहे. इटलींतील इट्रस्कन लोक ख्रिस्तपूर्व काळांतच सोन्याच्या पट्टीनें खोटा दांत शेजारच्या दांतांस बांधीत.

माझें मन अडलें तें त्या तासण्यापाशीं. दांतावरील इनॅमलचें कवच एकदां गेलें कीं शरीर तें पुनः घडवीत नाहीं. गेलेल्या एकासाठीं धडधाकट दोघांचें कवच उतरविणें मला न्याय्य वाटत नाहीं. शेजारचे दांत निरोगी असतील, तर विशेषतः तरुणांनीं आधीं ‘मेरीलंड ब्रिज’विषयीं विचारावें. त्याच्या खोट्या दांतास मागून पंख असतात व ते शेजाऱ्यांच्या पाठीस चिकटवितात. तासणें जवळजवळ नाहींच. तो कधीं सुटतो, पण बहुधा पुनः चिकटवितां येतो. दुसरा मार्ग हाडांत टायटॅनियमचा स्क्रू बसविण्याचा. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनीं १९६५ सालीं तो प्रथम मनुष्यावर योजिला. त्यास खर्च अधिक, आणि हाड धरावयास कांहीं महिने लागतात.

माझ्या दोन्ही शेजारच्या दांतांत पूर्वींच मोठें सिमेंट भरलेलें होतें; त्यांना टोपी हवीच होती. म्हणून मीं नेहमीचाच पूल पसंत केला. खर्चाची चिंता असणाऱ्या मीरा-भाईंदरकरांनीं लोकलनें मुंबई सेंट्रल गांठून नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. रंगाचा नमुना मात्र दिवसाच्या उजेडांत, तासण्यापूर्वींच जुळवून घ्यावा.

पूल बसल्यावरहि निगा सुटत नाहीं. खोट्या दांताखालीं अन्न साठतें व तेथें ब्रश पोंचत नाहीं. रोज रात्रीं ताठ टोकाचा खास दोरा पुलाखालून ओंवून फिरवावा लागतो. पेरू चिरून खावा; आणि ऊंस पुढच्या दांतांनीं सोलण्याची हौस नातवंडांकडे सोंपवावी.