पडदा खोटं बोलतो तेव्हा



सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघालं म्हणजे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका लहानशा कारखान्यात टॉवेलचं सूत रंगवतात. रंगाच्या टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवायचं असतं. ऊब कमी पडली तर रंग नीट धरत नाही, जास्त झाली तर छटा बदलते. ही ऊब राखण्यासाठी मालकांनी एक छोटा संगणकी बोर्ड मुद्दाम बनवून घेतला होता. त्याच्यावर दोन ओळींचा पडदा, एकेका ओळीत सोळा अक्षरं.

एके दिवशी टाकीवरचा कामगार ओरडला, "मालक, आकडा पुढं जायचा सोडून मागं येतोय!" पडद्यावर ४८ होते, त्याचे ४० झाले. पाणी थंड होतंय असं समजून त्याने हातानेच वाफ सोडली, आणि सुताचा एक लॉट बिघडला. मालकांनी तापमान मोजणारा सेन्सर बदलला. फरक काही पडला नाही. मग ठरलं, बोर्डच गेला. ठपका आला शिकाऊ मुलावर, कारण आदल्या दिवशी पेटी उघडून त्यानेच आतली धूळ पुसली होती. नुकसान पगारातून कापायची भाषा सुरू झाली.

तो मुलगा माझा विद्यार्थी. संध्याकाळी घरी आला, म्हणाला, "सर, माझ्या हातून बोर्ड गेला."

मी विचारलं, "गेला, हे कशावरून?"

तो गप्प. मग मी त्याला पडद्याची दुखणी ओळीने सांगितली. पडदा काळोखा असेल, तर तिरप्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकावा. अक्षरं दिसली, तर फक्त मागचा दिवा गेला आहे. दिवा आहे पण अक्षरं नाहीत, तर पडद्याची गडदपणा ठरवणारी बारीक फिरकी हळूच फिरवून पाहावी. एका ओळीत नुसते काळे चौकोन दिसले, तर वीज पोचली आहे, पण बोर्डाचा निरोप पडद्याला पोचलेला नाही. कधी तार सुटलेली असते, तर कधी बोर्ड घाई करतो. अशा पडद्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिताचीच्या एचडी४४७८० चिपला वीज मिळाल्यावर तयार व्हायला काही मिलिसेकंद लागतात. त्याआधी बोललेलं तिला ऐकू जात नाही.

"आणि अक्षरं दिसतात, पण चुकीची?" त्याने विचारलं.

"मग कागद घे. टाकीत काचेचा तापमापक सोड. एका बाजूला खरा आकडा लिही, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा."

दुसऱ्या दिवशी त्याने कागद आणला. खरे ४८, पडद्यावर ४८. खरे ४९, पडद्यावर ४८. ५० चे ४०, ५७ चे ४६, ५९ चे ४८, आणि ६० चे मात्र बरोबर ६०! कागदाकडे बघता बघता तोच म्हणाला, "सर, पडद्यावर एकही विषम आकडा नाही."

श्रोतेहो, रोग तिथेच सापडला. त्या बोर्डावरून पडद्याकडे प्रत्येक आकडा आठ तारांनी जात होता. एकेका तारेची भाषा एवढीच, की वीज आहे किंवा नाही. आकड्यांच्या सांकेतिक लिपीत शेवटची तार सम-विषम सांगते. वीज असली तर विषम, नसली तर सम. ही तार कायमची रिकामी राहिली, की ५ चा ४ होतो आणि ९ चा ८. पेटी उघडली, तर ती तार झाकणाच्या कडेखाली चिमटली होती. वरचं आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकलं होतं, आणि पत्रा बोर्डाच्या ऋण बाजूला जोडलेला. बोर्ड सारा वेळ बरोबर मोजत होता, खोटं बोलत होता तो पडदा.

झाकण कोणी लावलं होतं? त्याच मुलाने. त्याने तसं मालकांना स्वतः सांगितलं, आणि कागदही पुढे ठेवला. मालकांनी कागद दोनदा वाचला. तार दुरुस्त करायला वीतभर चिकटपट्टी पुरली. पगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

काळा पडदा निदान आपल्याला सावध तरी करतो. चुकीचा आकडा मात्र सावध करीत नाही, तो सरळ लॉट बिघडवतो. म्हणून मोजणारा कोण आणि दाखवणारा कोण, हे वेगळं करून तपासावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी. शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, हा ४८ आणि ४० चा तक्ता उद्या फळ्यावर मांडा. कारण सांगू नका, मुलांनाच शोधू द्या.