शाळेचा लौकिक आणि मधली सुट्टी



मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा विचार करताना आईबाप बहुधा शाळेचा लौकिक पाहतात. तो लौकिक कशाचा बनलेला असतो याची चौकशी मात्र क्वचितच होते. परीक्षांचे निकाल, शेजाऱ्यांचे बरेवाईट शब्द, आणि जेथे निरनिराळ्या वर्णांचे लोक एकत्र नांदू लागले आहेत तेथे आणखी एक गोष्ट, जी सहसा उघड बोलली जात नाही: वर्गात कोणाची मुले बसतात? या बाबतीत ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. भारतातून तेथे गेलेली कुटुंबे त्या अनुभवात आरंभापासून गुंतलेली होती.

लंडनच्या पश्चिमेस साउथॉल हे उपनगर आहे. तेथे पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती झाली होती. १९६३ साली तेथील गोऱ्या पालकांनी गाऱ्हाणे मांडले की, एका प्राथमिक शाळेत स्थलांतरितांची मुले फार झाल्याने आमची मुले मागे पडतात. शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल स्वतः तेथे आले. पुढे १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने सुचविले की, कोणत्याही शाळेत अशा मुलांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाहून अधिक असू नये. प्रमाण राखावयाचे म्हणजे मुले हलविणे आले, आणि हलविली गेली ती स्थलांतरितांचीच. रोज बसमधून दूरच्या शाळेत जावयाचे, आणि शाळा सुटताच पुन्हा बस गाठावयाची. खेळ आणि मैत्री यांना वेळ कोठला? मुलांनी इंग्रजी लवकर शिकावे ही पंजाबी पालकांचीही इच्छा होती, यात शंका नाही. परंतु एका समाजाच्या भीतीची किंमत दुसऱ्या समाजाची लेकरे देत होती, हे त्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही.

१९८७ साली यॉर्कशायरमधील ड्यूझबरी गावी हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. नेमून दिलेल्या शाळेत बहुसंख्य मुले आशियाई आहेत, म्हणून काही गोऱ्या पालकांनी मुलांना तेथे धाडण्याचे नाकारले आणि एका मद्यगृहाच्या माडीवर वर्ग भरविले. आपला आक्षेप वर्णाला नसून, मुलांना ख्रिस्ती परंपरेचे शिक्षण मिळावे एवढीच आपली मागणी आहे, असे ते म्हणत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९८६ रोजी, मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलच्या आवारात अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या बांगलादेशी मुलाचा एका गोऱ्या सहाध्यायाने सुऱ्याने खून केला. लहान आशियाई मुलांना छळणाऱ्यांच्या आड तो आला होता. या शाळेपाशी वंशद्वेषविरोधी धोरण नव्हते असे नाही, ते होते. बॅरिस्टर इयन मॅक्डोनल्ड यांच्या समितीने चौकशी केली व तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. समितीने धोरणाच्या हेतूला नव्हे, तर त्याच्या अंमलबजावणीला दोष दिला. धोरण वरून लादले गेले. गोऱ्या कामगारवर्गातील मुले व पालक यांना त्यात सहभागी करून घेण्याऐवजी जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

कागदावरचे धोरण आणि मधल्या सुट्टीतील व्यवहार यांत एवढे अंतर पडू शकते, तर पालकांनी पाहावे काय? स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील हत्येवरील मॅक्फर्सन अहवालाने १९९९ साली शिफारस केली की, शाळांनी वंशद्वेषाची प्रत्येक घटना नोंदवावी आणि शाळावार आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. शिफारस रास्तच, पण तिच्यात एक पेच होता. १९८८ च्या कायद्याने शाळेचा पैसा बव्हंशी विद्यार्थिसंख्येवर अवलंबून ठेवला होता, आणि १९९२ पासून निकालांचे तक्ते वर्तमानपत्रांत झळकू लागले होते. अशा बाजारात, नोंदी प्रामाणिकपणे ठेवणारी शाळा बदनाम होते आणि वही कोरी ठेवणारीचा लौकिक वाढतो.

म्हणून आकडा किती, यापेक्षा त्यापुढचे प्रश्न अधिक उपयोगाचे. मागील घटनेची नोंद कोणी केली? छळलेल्या मुलाच्या घरी निरोप गेला काय, आणि किती दिवसांनी? छळणाऱ्या मुलाशी कोण बोलले? शेवटी वर्ग कोणाला बदलावा लागला? मुख्याध्यापकांना हे विचारता येते. मधल्या सुट्टीत मैदानावर कोणते शिक्षक उभे असतात, हे तर फाटकाबाहेरूनही दिसते.